मानेमागचा निळा मणी

प्रिय वन्सं,

सगळ्यात आधी आली ती शेजारची सुजातक्का. विरजण मागायला म्हणून आली, पण वाटी आणली नव्हती, तेव्हाच मी काय ते ओळखलं. खाली रेवा एका बुरख्यातल्या बाईला घेऊन ऑटोतून उतरतेय, बाईच्या हातात मोठी पिशवी आहे, एवढी खबर देऊन ती सोफ्यावर बसली ती हलेचना.

पुढचं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही. मनातलं सुजातक्काला सांगावं तर संध्याकाळपर्यंत गच्चीपर्यंत पोचेल. म्हणून तुम्हालाच लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत आणि तुम्ही जामबागेतल्या शाळेच्या शिवणाच्या बाई, तेव्हा चुका काढत बसू नका. रेवाला मराठी अक्षरं लावायलाच अर्धा तास लागतो, त्यामुळे नातीच्या घरात बसूनही मी बिनघोर लिहू शकते.

तुमचा मण्यांचा डबा रेवाला सापडलाय, हे तुम्हाला ठाऊक नसेल. दिवाळीच्या साफसफाईत कपाटावरून काढला तिने. तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचत नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून वाकलेली असायची, आता संध्याकाळी जमिनीवर चादर पसरून तुमची पोवळी, काचमणी, पितळेचे ते वाकडे मणी मांडते आणि वहीत चित्रं काढते. म्हणते, आजी, एकेका मण्यावरून दहा दहा गोष्टी सुचतात गं. मला तर इतकं बरं वाटतं तिला तशी बसलेली बघून!

पण डब्यात तुमची अर्धी माळ आहे ना, सुई लावलेली तशीच? तिच्यावरून आमचं जुंपलं. प्रत्येक मण्यामागे तुम्ही मारायच्या ती बारीक गाठ रेवाला शिकायचीय, म्हणून ती माळ उकलून बघते म्हणाली. मी हात लावू दिला नाही. उकलली की तुमचं शेवटचं काम संपलं. नाही उकलली तर ती गाठ तुमच्याबरोबरच गेली. तुम्ही तरी काय हो, गाठ मारायची वेळ आली की खिडकीकडे तोंड करून बसायच्या! मी काय चोरणार होते?

असो. मागच्या आठवड्यात तुमची लाल माळ गळ्यात घालून रेवा कुठल्याशा प्रदर्शनाला गेली. तिथे दागिन्यांच्या टेबलावरची बाई हिच्या मानेकडे मागून बघत राहिली. माळ कुणाच्या हातची, घर कुठे, घरी येऊ का, असं विचारत सुटली. आणि आपली रेवा भोळी, आमच्या एका आजीची एवढंच म्हणाली आणि दिला की पत्ता!

मला सांगा, दागिने विकणारी बाई परक्याच्या घरी जुने मणी बघायला कशाला येईल? नमुना उचलायला नाहीतर डबा उचलायला. मी सकाळीच डबा तांदळाच्या पिंपात लपवला होता.

शमीम नाव तिचं. बुरखा काढून नीट घडी घालून ठेवला, बोलणं अगदी अदबीचं. त्यानेच मला जास्त संशय आला. चहा दिला, पण निव्वळ चहा. चकलीचा डबा मी जागचा हलवला नाही. आणि वन्सं, तिची नजर! रेवा वहीतली चित्रं दाखवतेय आणि ही हौ हौ म्हणत मान डोलवतेय आणि भिंती बघतेय. ही भिंत, ती भिंत, कपाटाची वरची बाजू, आतल्या खोलीचं दार. सुजातक्काने मला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. मी उठून आतल्या खोलीच्या दाराला कडी घातली. तर ही विचारते, अम्मा, उस कमरे में कौन रहते? मी म्हटलं, कुणी नाही, देव आहेत. कायकू विचारता?

तिने घाईने चहा संपवला. मग चहाचा कप ठेवायला वाकली आणि पदर सरकला. मानेवर, केसांखाली, काळ्या पोतीत एक निळा मणी. बरोबर शेवटच्या गाठीपाशी, तुमच्या सगळ्या माळांत वेगळा मणी असतो तिथेच.

तो वेगळा मणी मी उगीच तुमचा चिक्कूपणा समजत होते. म्हणायचे, रंगाचा मणी संपला म्हणून वन्संनी कुठलाही लावून टाकला. पण हा तर आपल्या घरातला माल! मी सरळ विचारलं, ही माळ तुझ्याकडे कुठून आली?

तर ती म्हणाली, "गोदाआपा ने बनाई, अम्मा. मेरी अम्मी के वास्ते."

गोदाआपा! आमच्या गोदावन्सं कुणाच्या आपा, म्हणजे ताई, झाल्या आणि कधी?

मग तिने सांगितलं. बेगम बाजारात मण्यांच्या दुकानात तुम्ही आणि तिच्या आईने एकाच लडीला हात घातलात, भांडलात, आणि मग लडच वाटून घेतलीत. तिथून पुढे दर गुरुवारी तुम्ही अफझलगंजच्या मागे तिच्या घरी. ती गाठ तिच्या आईची. वेगळ्या मण्याची कल्पना तुमची. बाजाराच्या गर्दीत एकीने दुसरीला मागून ओळखावं म्हणून.

गुरुवारी! वन्सं, तुम्ही तर दत्ताच्या देवळात जात होत्या ना? येताना कागदाच्या पुडीत खडीसाखर आणि बदाम आणायच्या. प्रसाद म्हणून मी डोळ्यांना लावून खायचे. दत्ताच्या प्रसादाला गुलाबपाण्याचा वास कसा, हे माझ्या मनात दर वेळी यायचं, पण बोलले नाही. माझा संशय कधी खोटा ठरलाय? मला सांगितलं असतं तर मी काय तुम्हाला अडवलं असतं? की अडवलं असतं, असं वाटलं तुम्हाला?

तरी मी लगेच विरघळले नाही हं. पिंपातून डबा काढला, तांदूळ झटकले आणि अर्धी माळ तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, खरी असशील तर पुढची गाठ मारून दाखव. खोटी बाई असती तर काहीतरी करून दाखवलं असतं. हिने हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "मुझे नहीं आती अम्मा. अम्मी के हाथ को आती." आणि परत भिंतीकडे बघायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती काही चोरायला बघत नव्हती. ती तुमचा फोटो शोधत होती. हार आहे का नाही, तेवढंच तिला बघायचं होतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

तुम्ही गेलात ते साथीत सगळं बंद असतानाच्या दिवसांत. चार माणसं जमली नाहीत. ज्यांना कळवायचं त्यांना आम्ही कळवलं, पण अफझलगंजच्या मागे कुणाला कळवायचं, हे माहीत कुणाला होतं? तुम्ही स्वतःचा फोन कधी घेतला नाही. त्यांना घर ठाऊक नाही. शमीमची आई समजली की गोदा रुसली. कशावरून रुसली, याचा विचार करत अजूनही गुरुवारी बदाम सोलून ठेवते म्हणे.

मी उठले, कडी काढली, तिला आत नेलं. तुमचा फोटो देवांच्या शेजारी आहे, चंदनाच्या हारातला. बाई त्याच्यापुढे उभी राहिली. मग म्हणाली, अम्मीला मी कसं सांगू?

मी म्हटलं, तू नको सांगू. तिला इथे घेऊन ये.

मग काढली चकली. सुजातक्काला घरी पाठवली, वाटीभर विरजण देऊन, माझ्याच वाटीत.

आता माझा सगळा संशय तुमच्यावर आहे, वन्सं. आणखी काय काय लपवलंय? शमीमच्या आईकडून एकेक काढून घेते की नाही बघा. पण कबूल करते, आधी तिला तुमच्या फोटोपुढे बसवीन. तुम्ही रुसला नव्हता, एवढं मी माझ्या तोंडाने सांगेन. तिची नजर गेलीय म्हणतात, पण बोटं चालतात. अर्धी माळ मी उकलू देणार नाही. जिथे तुमची सुई थांबलीय तिथून ती पुढे ओवील, आणि रेवा शेजारी बसून गाठ शिकेल. शमीमच्या आईला मी खिडकीकडे तोंड करून बसू देणार नाही, सांगून ठेवते. शेवटचा वेगळा मणी मात्र मी निवडणार. आजपासूनच शोधतेय.

दोघी बदाम घेऊन येणार आहेत. गुरुवारी.

तुमची वहिनी,
सुमन