खालचं पेन

सोमवार, २५ नोव्हेंबर १९७४, कारंजा

पोचलो एकदाचा! एसटीच्या टपावर यंत्राचं खोकं आणि खोक्यात माझा जीव. कंडक्टरला ते बाजाची पेटी वाटली. मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र आहे असं सांगितलं असतं तर त्याने मलाच खाली उतरवलं असतं.

यजमान पदमचंदशेठ कापसाचे व्यापारी. मुलगा देवेंद्रकुमार, वय सव्वीस. तापात मेंदूला सूज आली, तेव्हापासून तीन वर्षं खाटेवर आहे. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. नाकातल्या नळीने दूध घालतात. त्याला हलवणं धोक्याचं, म्हणून नागपूरच्या आमच्या डॉक्टरांनी यंत्रासकट मलाच इकडे धाडलं. यंत्र भंगारातून सोडवून आणलेलं. कागदावर लहरी काढणाऱ्या आठ पेनांपैकी दोनच लिहितात, वरचं आणि खालचं. डोक्याला लावायचे इलेक्ट्रोड मी इथेच घडवणार आहे. परदेशी मिळत नाहीत, आणि माझे त्यांच्याहून चांगले होतील असं मला वाटतं. वाटायला काय जातं?

शेठजींच्या पत्नी गुलाबबाईंनी संध्याकाळी पाचलाच ताट वाढलं. दिवस मावळल्यावर या जैन घरात चूल नाही, आणि कांदा-लसूण तर कधीच नाही. कांद्याशिवाय मी किती दिवस टिकतो हाही प्रयोग होऊन जाईल. नागपूरला आईला कळलं तर हसून हसून बेजार होईल.

बुधवार, २७ नोव्हेंबर

इलेक्ट्रोडसाठी सोनाराकडून चांदीच्या बारा टिकल्या करून आणल्या. सोनार विचारत होता, लग्न कोणाचं? मिठाच्या पाण्यात बुडवून, टॉर्चचे सेल जोडून त्यांच्यावर करडा थर चढवला. असा थर बसला की टिकली शांत राहते, खोट्या लहरी काढत नाही.

नवा इलेक्ट्रोड आधी स्वतःच्या डोक्यावर तपासायचा, ही माझी शिस्त. आजही तपासले. मी डोळे मिटले की कागदावर एकसारख्या टपोऱ्या लहरी उमटतात, उघडले की मोडतात. जिवंत, जाग्या माणसाची ही खूण. इतकं स्वच्छ काम याआधी कधी जमलं नव्हतं.

मग देवेंद्रकुमारला लावले. सरळ रेघ आली.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

तीनदा टिकल्या घासल्या, तीनदा थर चढवला. माझ्या डोक्यावर लहरी, त्याच्या डोक्यावर रेघ. टिकल्यांचा दोष नाही.

आज शेठजींनी सांगितलं की डॉक्टरांशी त्यांचं ठरलंय. कागदावर काहीच आलं नाही तर नळी काढायची आणि णमोकार मंत्र म्हणत उशाशी बसायचं. गुलाबबाई कापसाचा बोळा घेऊन मुलाचे ओठ पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

घोटाळा झाला. माझ्या तपासणीचा कागद टेबलावर पडला होता. शेठजी आले, लहरी पाहिल्या आणि कागद छातीशी धरून ढसाढसा रडले. त्यांना तो मुलाचा वाटला. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गुलाबबाई दारात आल्या.

नाही सांगितलं. चूक केली हे कळतंय, पण आज तरी माझ्याने झालं नसतं.

मंगळवार, ३ डिसेंबर

आता रोज कागद लागतो. यंत्र शेजारच्या खोलीत, खिडकीतून तारा त्याच्या डोक्याला, आणि दार लावून मीही टिकल्या चिकटवून बसतो. वरचं पेन माझं, खालचं त्याचं. वरची पट्टी कापून शेठजींना द्यायची. गावात पेढे वाटले गेले. मी लबाड आहे, पण पेढा खाल्ला.

गुरुवार, ५ डिसेंबर

खालचं पेन हललं! आनंदाने ओरडणारच होतो. मग नीट पाहिलं. मी डोळे मिटले की त्याच्या रेघेवर टपोऱ्या लहरी येतात. उघडले की मोडतात. वीस वेळा करून पाहिलं.

तारा एकमेकींना लागल्या असतील म्हणून माझ्या सगळ्या काढून टाकल्या. डोळे मिटले, थोड्या वेळाने उघडले. खालच्या पेनाने लहरी काढल्या होत्या.

शनिवार, ७ डिसेंबर

माझ्या पट्टीवरच्या लहरी बारीक होत चालल्यात. टिकल्या बदलल्या, जागा बदलली. फरक नाही.

दुपारी देवेंद्रकुमार बोलला. तीन वर्षांत पहिल्यांदा. घर धावत आलं. त्याने कांद्याचं थालीपीठ मागितलं, कडेला करपलेलं, आई करते तसं. जन्मात कांद्याला न शिवलेला मुलगा! सगळे रडता रडता हसले.

तसं थालीपीठ माझी आई करते. त्याचा वास आठवायला बसलो. आठवला नाही. मला भीती वाटतेय.

रविवार, ८ डिसेंबर

यंत्र इथेच टाकून पळालो. अमरावतीची गाडी धरली. नाक्यापर्यंत ठीक होतं. पुढे हात गार पडले, मग मान. कंडक्टर समोर बोलत होता आणि त्याचे शब्द नुसते आवाज झाले. लोकांनी खाली उतरवलं, बैलगाडीत घालून परत आणलं. घर जवळ आलं तसे शब्द परत आले. सगळे नाही.

सोमवार, ९ डिसेंबर

शेठजींना सगळं सांगितलं. कागद माझे होते, सगळे माझे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. जाग्रणाने डोकं तापलंय म्हणाले. आतल्या खोलीत मुलगा आईशी गप्पा मारत होता. माझं कोण ऐकणार?

मंगळवार, १०

वरचं पेन — सरळ रेघ. मी बसलोय, लिहितोय, श्वास घेतोय. आणि सरळ रेघ.

बुधवार

गुलाबबाई दूध घेऊन आल्या. दाराला आतून कडी घातली. हळूच म्हणाल्या, “मले ठाऊक होतं भाऊ. पयल्या दिवशीच पाह्यलं मी, तुमीच टिकल्या लावून बसले होते.”

मग का बोलल्या नाहीत? एवढं विचारायला मला फार वेळ लागला.

“कायले बोलू? माह्या लेकाची नळी काढू देली असती का मी?”

रागावता आलं नाही. राग कसा असतो — तोही तिकडेच गेलाय.

शुक्रवार बहुतेक

देवेंद्रकुमार चालतो. माझ्यासारखा, डावा पाय जरा ओढत. मला त्याच्या खाटेवर निजवलंय. पेन्सिल बोटांत आहे अजून.

आईचं नाव आठवत नाही. त्याला विचारलं. त्याने लगेच सांगितलं. ते मी इथे लिहायला घेतलं आणि —

शनिवार?

ते नागपूरला निघालेत. तो हट्ट करतो, आईला भेटायचंय. शेठजी म्हणतात, मोठ्या डॉक्टरांनाही दाखवून आणू. जीप दारात आहे. नागपूर. नाक्याच्या पुष्कळ पुढे.

नका नेऊ म्हणालो. नुसती लाळ गळली. गुलाबबाईंनी पदराने पुसली. त्या इथेच राहणार, माझ्याजवळ. कानाशी म्हणाल्या, “काई काळजी करू नका. त्याले पाजलं तसं तुमाले बी पाजीन.” नळी उकळून आणलीय.

जीप सुरू झाली.

तो आमच्या दारात उभा राहील. हाक मारेल. आई दार उघडेल, आणि हाक ऐकून तिला तो मीच —

हात गार

गुलाबबाई नळी आत — आईला कोणीतरी सांगा, मी इथे आहे, मी इ