मळ, मळमळ आणि कळ

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचं ब्लडप्रेशर आणि तुमची ती म्हातारी मांजर, तिघांची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. माझी बरी आहे. पत्राला खास कारण नाही. (तू कुठलंही पत्र शेवटाकडून वाचायला घेतेस हे मला माहीत आहे, म्हणून इथेच सांगतो की शेवटी काही नाही.) मी फोन उचलत नाही म्हणून रागावल्याचं तुझं कार्ड मिळालं. दवाखान्यात गर्दी असते, आणि हल्ली फोनमधून माणसाचं बोलणं पोत्यात भरून आल्यासारखं येतं. पत्र बरं. अक्षर निदान पुटपुटत नाही.

दवाखाना आबांनी ठेवला तसाच आहे. तोच बाक, तोच हिरवा पडदा, त्याच कंपाउंडरबाई. बाईंचा आवाज तर असा चढलाय की परवा बाहेर बसलेल्या एकाने दुसऱ्याला सांगितलेला तीन गोळ्यांचा डोस ऐकून स्वतःच घ्यायला सुरुवात केली. आबा म्हणायचे तेच खरं, आपल्याकडे माणूस दोनच अवयव घेऊन येतो, कान नाहीतर पोट. कानावर पडलेलं कुणाच्या पोटात राहत नाही, म्हणून दोन्ही दुखत असावीत. पोटाचं बरं असतं, जिथे दुखतं तिथे माणूस हात ठेवतो. कानाला आत डोकावून बघावं लागतं. कुणी दडे बसले म्हणून आला की मी आधी बॅटरी लावतो आणि मनातल्या मनात म्हणतो, मळ निघो. मळ निघाला तर नशीब. चार-पाच दिवस थेंब, मग कोमट पाण्याची पिचकारी, आणि बहिरा आलेला माणूस हसत घरी जातो. मळ नसला तर मात्र मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून देतो, आणि लिहिताना त्याच्याकडे बघत नाही.

तर सांगायची गोष्ट अशी की वर्षभरात आख्खं गाव पुटपुटायला लागलंय. आधी मला वाटलं दातांची साथ आली. पेशंट समोर बसतात, ओठ हलवतात, आणि निम्मे शब्द बहुधा बाहेर बाकावरच ठेवून येतात. वाचनालयातल्या बाई तर धंद्यानेच हळू बोलणाऱ्या. गेल्या महिन्यात त्या आल्या आणि म्हणाल्या, दोन दिवस झाले, मळमळ आहे. माझ्यापर्यंत त्यातला अर्धाच शब्द पोचला. मळ. मी बॅटरी लावली, मळ दिसलाही. (कुणाच्याही कानात बघ, थोडा असतोच. शोधायला गेलं की सापडतं हा आमच्या धंद्याला शापच आहे.) बाई काहीतरी सांगत होत्या, मी मान डोलावत होतो. घाईत पाणी कोमट करायचं राहिलं आणि गार पाण्याची पिचकारी थेट कानात गेली. गार पाणी कानात गेलं की माणसाला चक्कर येते आणि उलटी होते, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. ते बाईंनी माझ्या नव्या शर्टावर सिद्ध केलं. पण गंमत म्हणजे उलटी झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. जाताना सांगून गेल्या की मळमळीवर कानातून इलाज करणारा डॉक्टर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आता गावात माझी नवीच ख्याती झाली आहे. दोनजण पित्ताची तक्रार घेऊन आले आणि खुर्चीत बसता बसता त्यांनी कान पुढे केला.

इथवर हसून घे. पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले.

कोपऱ्यावरचा शिंपी तुला आठवत असेल. ओठांत टाचण्या धरून धरून त्याला तोंड न उघडता बोलायची सवय झाली आहे. त्याचा कान ठणकत होता म्हणून मी थेंब आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या, तीन दिवसांच्या, पोटभर जेवून घे असं बजावून. त्याने औषधाच्या दुकानातून आणखी आणून तीन आठवडे खाल्ल्या, त्याही उपाशीपोटी. मग पोट धरून आला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, दोन दिवस काळी होतेय. मला ऐकू आलं, कळ येतेय. मी कळीचं औषध लिहिलं. पाठीवर थापसुद्धा मारली. तो दारापर्यंत गेला तेव्हा कंपाउंडरबाई पडद्यामागून आल्या. गेल्या तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या, अगदी माझ्या उजव्या कानाशी.

"डॉक्टर, कळ नाही, काळी म्हणाला तो. शी काळी होतेय त्याला."

काळी म्हणजे त्या गोळ्यांनी आत रक्त वाहतंय. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मी अनवाणी रस्त्यावर धावलो. नाडी बघितली तर ती पळत होती, आणि हात गार. मी नुसतं त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं असतं तरी पुरे होतं. त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं. रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या. तो वाचला, ताई. आठवड्याने घरी आला, आणि शर्ट खराब झाल्याचं गावभर झालंच होतं म्हणून माझ्यासाठी नवा शिवून घेऊन आला. म्हणाला, तुम्ही वेळेवर नेलंत म्हणून मी आहे. बाई औषधाच्या बाटल्या पुसत उभ्या होत्या. मी शर्ट घेतला. शर्ट अंगाला बेताचा बसतो, पण अजून घातलेला नाही.

तेव्हापासून मी पेशंटला उजव्या बाजूला बसवतो, सगळं कागदावर लिहून घेतो, आणि बाई पडद्याआड न थांबता माझ्या शेजारी स्टुलावर बसतात. उगाच काळजी करू नकोस. वयानुसार कानात मळ साठतो आणि वैद्याला स्वतःचा कान दिसत नाही, एवढंच. थेंब घालतो आहे. मांजरीला आणि भावोजींना नमस्कार, हव्या त्या क्रमाने.

तुझा,
धाकटा

ता. क. थेंब घालून पाच दिवस झाले म्हणून आज बाईंना बॅटरी दिली आणि माझ्या कानांत बघायला सांगितलं. त्यांनी दोन्हीकडे दोन-दोनदा बघितलं. मळ नाही. कान लख्ख आहेत.

आणखी ता. क. शेवटच्या वर्षी आबा सगळ्यांना एकच लाल औषध द्यायचे ते तुला आठवतं का? त्यांना काही ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना कळलं होतं, पण बोललं कुणीच नाही. दवाखान्याची किल्ली त्यांच्या हातून तूच काढून घेतलीस. मी तुझ्याशी दोन वर्षं बोललो नाही. आता रोज सकाळी दवाखाना बंद ठेवीन म्हणतो आणि बाकावर माणसं दिसली की उघडतो. माझ्याच्याने होत नाही. तू ये. फोन करू नकोस. दारही वाजवत बसू नकोस, कडी काढून ठेवली आहे.