मागणी घालायला चार वक्ते

अम्मान

आदरणीय अबू रकान काकांना मुअतसिमचा सलाम.

शुक्रवारी हनीनला मागणी घालायला आपल्याकडून एक नव्हे, चार वडीलधारे उभे राहणार, हे तिच्या घराण्याची बैठक सांभाळणाऱ्या सुफियाननं आज फोनवर पक्कं केलं. ‘मधली खुर्ची एकच आहे. बाकीचे तिघं काय मांडीवर बसणार?’ असंही त्यानं विचारलं. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंना सलाम.

झालं असं. आमंत्रणाची वेबसाइट मीच बनवली (ऑफिसात हेच करतो, म्हणून फाजील आत्मविश्वास). प्रत्येकाला वेगळी लिंक. तिच्यात प्रश्नचिन्हापुढे पाहुण्याचं नाव आणि शेवटी त्याचं काम. तिथं जे लिहिलंय ते वेबसाइट खरं मानते आणि तसं सोनेरी कार्ड काढून देते. वक्ते ठरले होते थोरले अबू गालिब काका; बाकी सगळ्यांचं ‘काम=पाहुणा’. कुणीतरी ‘पाहुणा’ खोडून ‘वक्ता’ लिहिलं, कार्ड निघालं आणि कुटुंबाच्या ग्रुपवर झळकलं. मग इतरांचेही हात शिवशिवले. मामा म्हणाले, ‘मी नाही बोललो तर पोरीचे आजोबा काय भिंतीशी बोलणार?’ त्यावर आत्याचे यजमान म्हणाले, ‘तुझा मामा उभा राहिला की होकारानंतरची कुनाफा मिठाई दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळेल, बाळ.’ आणि त्यांनीही वक्त्याचं कार्ड काढलं.

हनीनचे आजोबा जुन्या वळणाचे. आपण मागणी घालून त्यांचा होकार येईपर्यंत कॉफीच्या कपाला कुणी हात लावायचा नाही. चौघं एकदम उठले तर ते याला थट्टा समजतील, आणि लग्न मोडेल. हनीन फोनवर एवढंच म्हणाली, ‘असली वेबसाइट करणाऱ्याला मुलगी द्यावी का, असं आजोबा विचारतायत.’

माझ्याकडून मी हे क्षणात बदलू शकतो. पण वडीलधाऱ्यांचा मान पुतण्यानं काढून घेतला, तर तुमच्या दारात कुठल्या तोंडानं येऊ?

तुमचा,
मुअतसिम

ता.क. ते पहिलं कार्ड तुमचं होतं, काका. तक्रार नाही. फक्त तुमच्यासाठी वक्त्याहून वरचं काम तयार केलंय. लिंकच्या शेवटी ‘वक्ता’ऐवजी ‘अनुमती’ लिहा. कार्डावर येईल, ‘यांच्या परवानगीनं मागणी घातली जाईल.’

ता.क. २. वरचं सगळं विसरा. ‘फक्त तुमच्यासाठी’ असं मी बाकी तिघांनाही कळवलं होतं, आणि आत्ता पाहिलं तर तिघांनीही अनुमती घेतलीय, अबू गालिब काकांनीसुद्धा. बोलणारे तुम्ही एकटेच उरलात. कृपा करून लिंकला हात लावू नका. आजोबांचा निरोप आहे: कॉफी निवेपर्यंत कुणी उठलं नाही, तर दुसरी कॉफी होणार नाही.