दादाच्या प्लॉटची माती

प्रिय दादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय, तरी मी माफी मागतेय की जाब विचारतेय, ते माझं मलाच कळत नाहीये.

घर बांधायच्या आधी तू प्लॉटची माती माझ्या प्रयोगशाळेत आणून दिली होतीस. ती पाण्याने फुगते का, एवढंच बघायचं होतं. मी तेव्हा शेल खडकातल्या चिकणमातीवरच्या प्रबंधात बुडालेली. "डोळे मिटून बांध," म्हणाले.

काल जुनी वही चाळली. तुझी माती मी माझ्या नमुन्यांबरोबर आधी भट्टीत भाजली आणि मग तपासली, असं दिसतंय. भाजलेली माती कशी फुगेल? पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच ओरडून सांगते! की तो नमुना दुसराच होता? माझंच अक्षर मला लागत नाही.

फुगणाऱ्या मातीवरच्या घराला तडे जातातच, पण तुझ्या घरात मला एकही तडा कधी दिसला नाही. म्हणून वहिनीला फोन केला. ती हसली. "वन्सं, तुम्ही येणार म्हटलं की हे आदल्या दिवशी भेगा बुजवून रंग देतात, अडकणाऱ्या दारांना रंधा मारतात. वीस वर्षं झाली."

आणि मला वाटायचं, तो ताज्या रंगाचा वास माझ्या कौतुकाचा! पाहुण्यांना तर तू अजून सांगतोस, "हिने सांगितलं म्हणून इथे बांधलं."

रविवारी यायचंय. आधी कळवू, की न कळवता येऊ?

तुझी,
घरातली एकुलती एक शास्त्रज्ञ