उजव्या पायाचं सहावं बोट

४ मार्च

ति. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण हे फोनवर सांगायचं तर तुम्हाला ऐकू जाईल इतकं ओरडावं लागेल, आणि मग अख्ख्या संग्रहालयाला कळेल. मामीने वाचलं तरी चालेल. आईला मात्र अवाक्षर नको, ती काळजीने अर्धी होईल.

आपला चारपायी पूर्ण झाला. ज्या खडकावर मी दोन वर्षं सुई घेऊन बसलेय ना, तोच. पाण्यातून जमिनीवर यायला निघालेला, पस्तीस कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. त्याच्या उजव्या पायाला सहा बोटं निघाली आणि सर नाचायचेच तेवढे राहिले. त्याच्याहून जुन्यांना आठ नाहीतर सात बोटं असायची हे तुम्हीच मला शिकवलंत. खडकाच्या या थरापर्यंत ती पाचावर आली आणि तिथून थेट आपल्या हातापर्यंत पाचच राहिली, असं सगळे धरून चालले होते. सर म्हणतात, इतक्या लवकर काही ठरलं नव्हतं, हा बघा पुरावा. लेख अठरा तारखेला छापायला जातोय. जूनमध्ये सर प्रमुखपदावरून निवृत्त होतात. त्या एका बोटावर त्यांनी अकरा पानं लिहिली आहेत.

मामा, ते बोट मी चिकटवलंय.

मागच्या हिवाळ्यात माझ्या कोपराचा धक्का लागून ट्रे कलंडला. दोन्ही पायांची सुटी हाडं त्यातच होती, तांदळाएवढी. मी घाबरून भराभर वेचली आणि वाटलं तशी बसवून टाकली. जोडलेल्या प्रत्येक तुकड्याखाली निळा ठिपका द्यायचा हा तुमचा नियम मी सगळीकडे पाळला, नेमका त्या एका बोटाला राहिला. ठिपका नाही म्हणजे हाड खडकातून तसंच निघालंय, असं सरांनी धरलं. त्यांचं काय चुकलं? काल डावा पाय पेटीत भरताना पाहिलं, तिथे चारच बोटं आणि पाचव्याची जागा मोकळी. उजवीकडच्या त्या बोटाचा मेणाचा ठसा घेऊन डावीकडे लावून बघितला. डब्याला झाकण बसावं तसा बसला. 

सरांना सांगू ना? तुम्ही तीस वर्षं याच टेबलावर काढलीत. लवकर लिहा.

तुमची घाबरलेली,
टाचणी

७ मार्च

चि. टाचणीस,
अनेक उ. आ., आणि आधी एक ग्लास पाणी पी.

तुझं पत्र वाचलं, फाडलं आणि मामीला काही सांगितलं नाही. तूही कुणाला सांगू नकोस. मूग गिळून गप्प बस.

अगं, पस्तीस कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराचं एक बोट इकडचं तिकडे झालं म्हणून आज कुणाचं काय बिघडलं? ते काही तक्रार घेऊन येत नाही. त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शोधांवर पाट्या लिहिल्या, आता कुठे जाता जाता स्वतःचं काही हाती लागलंय. तू मेणाचा ठसा घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहणार? आणि तुला काय वाटतं, शाबासकी मिळेल? पुन्हा सुईला हात लावू देणार नाहीत.

खरं सांगतो, मेणाच्या ठशाने काही सिद्ध होत नाही. तुलाच भास झाला असेल. डोळे तपासून घे. पेटी बंद कर, वर चिठ्ठी डकव आणि पुढचा दगड हातात घे.

इकडे मामीचा गुडघा बरा आहे. माझा कान होता तसाच आहे, त्यामुळे घरात शांतता आहे.

तुझं भलं चिंतणारा,
मामा

१० मार्च

ति. मामांस,
नमस्कार, पण रागाने.

हे पत्र नक्की तुम्हीच लिहिलंत ना? मी शिकाऊ होते तेव्हा एक ठिपका राहिला म्हणून आठवडाभर माझ्याशी न बोललेले तुम्ही! मी रडले तेव्हा म्हणाला होतात की हाड खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो जोडणारा. आणि आता मला भास झाला म्हणता?

तीनदा सरांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आज शाळेची मुलं आली होती. सर त्यांना दालनाच्या सुरुवातीपासून फिरवत होते. तो कणा नावापुरताच असलेला बोटभर प्राणी, मग बिनजबड्याचे मासे, मग तुमचा जबड्याचा मासा, आणि शेवटी माणसाचा सांगाडा. सर म्हणाले, ही सगळी घरचीच माणसं आहेत, फक्त आपण ओळख विसरलोय. मग चारपायीसमोर सगळ्यांना आपापली बोटं मोजायला लावली आणि याची मोजा म्हणाले. चाळीस पोरं एका सुरात सहा म्हणून ओरडली. मला तिथे उभं राहवेना.

मामा, तुम्ही काहीतरी लपवताय. तुम्ही भित्रे नाही, मग इतके का घाबरलात? आठ दिवस उरलेत. खरं काय ते लिहा, नाहीतर मी माझ्या मनाने वागेन.

टाचणी

१३ मार्च

चि. टाचणीस,
आ. वि. वि.

लिहितो. तीनदा कागद चुरगाळला, हा चौथा.

तू माझ्या माशाचं नाव काढलंस. तो जबडा, ज्याचं चित्र मुलं वहीत काढतात, ज्यासाठी मला मिळालेलं प्रमाणपत्र तुझ्या मामीने बाहेरच्या खोलीत लावलंय. दालन उघडायला दोन दिवस होते. जबड्याचं मागचं टोक, सांध्याकडचं, माझ्या सुईखाली भुगा झालं. फुंकर मारली तर उडून जाईल असं झालं. तेव्हाचे मोठे साहेब रोज तीनदा येऊन विचारायचे. मी खणातल्या दुसऱ्या माशाचं एक हाड घेतलं, कानशीने घासलं, बसवलं, वर रंग दिला. ठिपका दिला नाही.

पुढे त्या सांध्यावर लोकांनी लेख लिहिले. जबडा कसा उघडत असेल, काय चावत असेल. मी चहा पीत ऐकायचो. एकतीस वर्षं झाली. तुझ्यावर ठिपक्यासाठी रागावलो तो राग तुझ्यावर नव्हताच गं.

तू सरांना सांगितलंस, की ते लगेच एकेक सांधा तपासायला घेणार. मग माझा मासा निघेल. म्हणून तुला गप्प बस म्हटलं. तुझ्या काळजीने नाही, स्वतःच्या भीतीने. लाज वाटते लिहिताना. आता तुला काय करायचं ते कर. पण जमलं तर माझं नाव घेऊ नकोस. म्हातारपणी तोंड लपवत फिरायची पाळी येऊ नये, एवढंच.

मामा

१७ मार्च

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी सरांना सांगितलं. छपाईला दोन दिवस असताना.

बस म्हणाले नाहीत. अॅसिटोन आण म्हणाले. मी कापसाने सांध्याला लावत होते आणि ते भिंग धरून वाकले होते, श्वास माझ्या कानाला लागत होता. चार मिनिटांत गोंद विरघळून बोट सुटलं. त्यांनी ते स्वतः चिमट्याने उचलून डाव्या पायाला लावलं. बसलं. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले की आपल्यासारखीच पाच निघाली बिचाऱ्याची, त्यात त्याचा काय दोष. अकरा पानं टेबलावरच होती, ती उचलून खणात टाकली. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त विचारलं की सांगायला तेरा दिवस का लागले. 

मामा, पुढचं ऐका. जाण्याआधी त्यांना सगळं दालन नव्या प्रमुखांच्या ताब्यात द्यायचंय, सगळे जोड तपासलेत असं लिहून. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं की बिनठिपक्याचं आणखी काही तुला ठाऊक आहे का. मी नाही म्हणाले. ते म्हणाले की जी स्वतःची चूक सांगते तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, आणि माझ्या शब्दावर तिथल्या तिथे सही केली.

माझ्यासाठी मी खरं बोलले आणि तुमच्यासाठी खोटं. तुमचा मला फार राग आलाय. माया आहे म्हणूनच इतका आलाय. आज दालनातून जाताना माशाच्या बाजूला बघितलंच नाही.

टाचणी

२० मार्च

चि. टाचणीस,
अ. आ.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं, माझंही सगळं सांगितलं. ती उठली, भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

मी सरांना पत्र टाकलंय. पहिल्याच ओळीत लिहिलं की पोरीचा नकार माझ्या सांगण्यावरून होता, तो तिच्या खाती धरू नका. मग जबड्याचं सगळं लिहिलं, कुठल्या खणातून हाड घेतलं तेही. सही केलेला कागद परत मागवा, असं सुचवलंय. एवढ्या वर्षांत मला कुणी पकडलं नाही, म्हणून मला वाटायचं की आपण सुटलो. तू माझ्यासाठी खोटं बोललीस तेव्हा कळलं, कसला सुटतोय.

सोमवारी दहाच्या बसने येतोय. मासा काचेतून काढून आपल्या टेबलावर ठेव. सर असतील, नवे प्रमुखही असू देत. बोलायचं ते मी बोलेन. अॅसिटोन मात्र तू लाव. माझे हात आता थरथरतात, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ते हाड निघालेलं मला बघवणार नाही.

आजवर तुला शेवटी आशीर्वादच लिहीत आलो. या वेळी मागतोय. सोमवारनंतरही होता तेवढा लोभ राहू दे.

तुझा,
मामा