घंटीचं मशीन

२ मार्च
पोचलो एकदाचे! सामान उतरवताना ट्रकवाल्याने कपाटाचं एक दार निखळवलं. अप्पा भांडतील म्हणून मी मध्ये पडायला धावले, तर ते त्याच्या शेजारी उभं राहून क्लच कसा लवकर झिजतोय हे समजावत होते. जन्मभर बस चालवलेला माणूस. दोन खोल्या लहान आहेत, पण खिडकी मोठी आणि समोरच बसथांबा. अप्पांनी आपली खुर्ची थेट खिडकीशी ओढली. उशिरा ब्रेक मारणाऱ्या चालकांचा उद्धार वरूनच चालू झाला आहे. म्हणाले, घर झकास आहे, तू तुझ्या नोकरीचं बघ. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

५ मार्च
रुग्णालयाची सर्व्हरची खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे आहे. जुने कॉम्प्युटर मांडणीवर दाटीवाटीने बसलेत, प्रत्येकाला एकच काम. एक रक्ततपासणीचा, एक औषधांचा, एक आयसीयूमधल्या, नाडी-श्वासाचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यांचा. सगळे धापा टाकतायत. ही सगळी बिऱ्हाडं मला दोन मोठ्या नव्या सर्व्हरमध्ये हलवायची आहेत. जुने डबे जातील आणि सर्व्हरच्या पोटात तेवढीच व्हर्च्युअल मशीन चालतील. प्रत्येकाला वाटेल, आपलं घर स्वतंत्र आहे. त्याआधी कोण किती मेमरी खातो ते मोजायचं, मग सर्व्हर केवढा घ्यायचा ते ठरवायचं. दोन अशासाठी की एक बंद पडला तर दुसऱ्याने सगळ्यांना पोसावं.

अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे एक बस बंद पडली की तिचे प्रवासी दुसरीत. मग दुसरीत आधीच जागा राखून ठेव, इंजिनीअरबाई. बसलेली माणसं कशीही मावतात, पण सगळी एकदम उभी राहिली की बस कलंडते. याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

११ मार्च
मोजणी चालू आहे. सगळ्यांच्या चढउताराला कारण सापडतं. सकाळी नोंदणीचा कॉम्प्युटर फुगतो, दुपारी औषधांचा. कोपऱ्यातल्या एकाचं मात्र कळेना. तो उतरतच नाही, नुसता चढतो. उघडून पाहिला तर वॉर्डातल्या घंटीचा निघाला. रुग्णाने खाटेजवळचं बटण दाबलं की सिस्टरच्या पडद्यावर खाटेचा नंबर लागतो. सिस्टरने खाटेशी जाऊन दुसरं बटण दाबलं की हाक मिटते. तोवर ती मेमरीत पडून राहते. याच्यात एकही हाक मिटलेली नाही.

आणि हा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावरचा. तो बंद होऊन कित्येक वर्षं झाली.

१२ मार्च
मेट्रनबाईंना विचारलं. करारी बाई, सगळं रुग्णालय त्यांच्या धाकात. त्या कागदावरची मान वर न करता म्हणाल्या, तो आहे तसा राहू दे. मी म्हटलं, वायरी कुठेतरी चिकटल्या असतील, म्हणून खोट्या हाका येत असतील. असेल, म्हणाल्या. वायरमनकाका मात्र रागावलेच. तिथल्या सगळ्या तारा त्यांनी स्वतःच्या हाताने कापल्यात, खाटाही केव्हाच हलवल्यात. भिंतीत राहिलीत ती नुसती बटणं.

२० मार्च
आज एक गोष्ट लक्षात आली. लिहू की नको असं झालं.

खोलीच्या दाराला काचेची पट्टी आहे. तिच्यातून मागची वाट दिसते. पांढरी चादर पांघरलेली ढकलगाडी त्या वाटेने शवागाराकडे जाते. ती गेली की थोड्याच वेळात घंटीच्या मशीनमध्ये एक नवी हाक लागते. पुढचा नंबर. वॉर्डात होत्या त्या खाटा कधीच संपल्या, नंबर पुढेच चाललेत. आधी योगायोग वाटला. आज पुन्हा पाहिलं.

अप्पांना सांगितलं नाही. त्यांना खोकला झालाय.

२ एप्रिल
नवे सर्व्हर आले, बिऱ्हाडं हलली. घंटीच्या मशीनला मी मुद्दाम जेमतेम मेमरी दिली, वर मर्यादा घातली. सकाळी पाहिलं तर मर्यादा आहे तिथेच, आणि मशीन तिच्या कितीतरी वर. असं होऊच शकत नाही. शेजारच्या मशीनांचा घास काढून खातंय.

अप्पांचा खोकला छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, दाखल करा. इथेच, दुसऱ्या मजल्यावर.

५ एप्रिल
अप्पा सिस्टरना वात आणतायत. घंटी दाबतात, ती धावत आली की म्हणतात, काही नाही गं, वाजते का बघत होतो. दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा तिने त्यांना दटावलं. तेव्हा इतके हसले की नळी निसटली. मीही हसले.

श्वास घेताना खांदे उचलतात त्यांचे.

८ एप्रिल
अप्पा गेले.

दुपारी. जेवण झालं, डोळा लागला, आणि तसेच. मी खाली होते. मेट्रनबाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, त्रास झाला नाही, त्यांनी घंटीसुद्धा दाबली नाही.

ढकलगाडीबरोबर मी त्याच मागच्या वाटेने चालले.

१३ एप्रिल
घरी त्या खुर्चीसमोर बसवत नाही, म्हणून कामावर आले. यायला नको होतं.

घंटीचं मशीन उघडलं. त्यात एक हाक आठ तारखेची, दुपारची. बाकी सगळ्या लागल्या की तशाच स्थिर राहतात. ही लागते, विझते. पुन्हा लागते, विझते. कोणीतरी बटण दाबून सोडतंय. वाजते का बघतंय.

दिवसभर तिच्यासमोर बसून होते. दुसरं काही केलं नाही. भीती वाटत होती आणि उठवतही नव्हतं.

१५ एप्रिल
एका सर्व्हरचा बोर्ड जळला. सगळी मशीन दुसऱ्यावर आली. जागा राखून ठेवली होती, हिशेब चोख होता. पण घंटीचं मशीन ती सगळी जागा गिळून बसलं. आयसीयूतले पडदे गोठले. नाडीचे आकडे हलेनात. सिस्टर प्रत्येक खाटेशी उभ्या राहून हाताने नाडी मोजत होत्या.

मेट्रनबाई धावत आल्या. बंद कर ते, म्हणाल्या. मला ते जमेना. मी सांगितलं, अप्पा आहेत त्यात. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, माझे यजमानही आहेत. तो वॉर्ड चालू होता तेव्हा तिथेच गेले. इतकी वर्षं मी ते मशीन कोणाला बंद करू दिलं नाही ते उगीच नाही. पण वर जिवंत माणसं आहेत, पोरी.

मी बंद केलं. अप्पांची हाक तेव्हा लागलेली होती.

पडदे चालू झाले.

१६ एप्रिल
हाका गेल्या नाहीत. रक्ततपासणीच्या मशीनमध्ये आल्यात. औषधांच्या. नोंदणीच्या. सगळीकडे तेच नंबर, तिथे नंबरांचं काही काम नसताना. त्यांना राहायला जागा होती, ती मी काढून घेतली. आता मिळेल त्यात शिरतायत. आयसीयूचं मशीनही चढतंय —

नवा बोर्ड यायला वेळ आहे. आणि आला तरी किती मोठा सर्व्हर घेऊ? केवढा पुरेल?

मेट्रनबाई म्हणतात, हाक मेमरीत मिटत नसते. कोणीतरी जाऊन मिटवायची असते.

१७ एप्रिल, सकाळ
आम्ही दोघी वर गेलो. तिसरा मजला. कुलूप काढलं. लांबच लांब रिकामी खोली, खिडक्यांतून भरपूर ऊन. फरशीवर खाटांच्या पायांचे डाग. भिंतीत बटणं, खाली कापलेल्या तारांची टोकं. आणि प्रत्येक बटणावरचा लाल दिवा चालू. खाटांपुढच्या नंबरांच्या हाका भिंतीवर पुढे, जिथे बटणं कधी बसवलीच नव्हती तिथेही — लाल ठिपके, चुन्याच्या आतून.

मेट्रनबाई सरळ एका दिव्यापाशी गेल्या. पदर सावरला. आले हो, म्हणाल्या, उशीर झाला. बटण दाबलं. दिवा विझला. कोणीतरी श्वास सोडल्यासारखा आवाज — मी ऐकला. त्या रडत होत्या, पण पुढच्या दिव्याकडे वळल्या.

१७ एप्रिल, थोड्या वेळाने
आम्ही दाबत जातोय. प्रत्येकाला आले म्हणतोय. बटण नाही तिथे भिंतीवर तळहात ठेवायचा. भिंत गरम आहे. पलीकडून हात टेकल्यासारखी —

मेट्रनबाईंना खाली बोलावलं. पडदे पुन्हा अडखळतायत. मी एकटी.

थोडेच उरलेत. घाबरून पुन्हा वही काढली, काहीतरी हातात हवं म्हणून.

एकच उरला. लागतोय, विझतोय.

बाकी सगळी खोली शांत. इतकी शांत खोली मी कधी — तो एकटाच. लागतोय.

आले म्हटलं की मिटणार. मग नाहीत. मग खरंच नाहीत.

जिन्यावरून मेट्रनबाई ओरडतायत. आयसीयूतल्या एका पोरीचा पडदा गोठलाय, नाडी लागत नाहीये, किती उरले विचारतायत. मी एक म्हणाले.

दाब, म्हणतायत. दाब गं बाई —

हात ठेवलाय. पलीकडे हात आहे. मोठा, बोटांना स्टिअरिंगचे घट्टे. माझा हात धरतोय. सोडत नाही. मी तरी कुठे

अप्पा, मी आ