निळ्या पंपाचा आकडा

३ जून, सकाळ. निळ्या पंपावरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा २००.
दम्याचे दोन पंप. तपकिरी रोज दोनदा, निळा दम लागला की. दोन्हींचे पैसे वेगळे. केमिस्टला विचारलं, यातला कुठला नाही घेतला तर चालेल? म्हणाला, दोन्ही घ्या. दुकानदार दुसरं काय म्हणणार. तपकिरीने काही जाणवतच नाही, तेव्हा तो बंद. वाचलेल्या पैशांत जुनी सायकल घेणार. हिवाळ्याआधी थेट समुद्र.

१० जून. १८१.
कारखान्यातल्या पॉलिशवाल्या काकांना डायबेटिस. त्यांची सगळी औषधं फुकट, खोकल्याचंसुद्धा. डायबेटिस सरकारी यादीत आहे, दमा नाही. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, यादी फार जुनी आहे. म्हटलं, दमा काय काल निघाला? दमा यादीत घ्या म्हणून अर्ज लिहायला घेतला. कागदाच्या मागच्या बाजूला सायकलच्या कॅरियरचं चित्र काढून बघितलं. झकास आलंय. उरलेला अर्ज उद्या.

८ जुलै. ९४.
आकडा जरा भरभर उतरतोय. कारण कारखान्यातला लाकडाचा भुसा. शिवाय दादाच्या घराचे तीन जिने. वहिनी म्हणाली, "भावोजी, पंप आहे तो, अत्तर नाही." तिला समजावलं की फुप्फुसांना सवय लावतोय. वाक्य अर्धंच राहिलं, दम लागला.

२७ जुलै. ३१.
संकल्प: सोमवारपासून जिना न थांबता. कुठला सोमवार ते नंतर ठरवू.

२ ऑगस्ट. ०.
शून्य झालं, पण हलवला की आत खळखळ, दाबला की फुस्स. म्हणजे औषध आहे! आकडा नुसता घाबरवायला. लोकांना हे सुचत कसं नाही? सायकल घेतली.

३ ऑगस्ट.
पुलापर्यंत गेलो. परत येताना सायकल ढकलत. दोनदा फुटपाथवर बसलो. एका आजोबांनी विचारलं, घरी सोडू का? स्वतः काठी टेकत होते. आजची पहिलीच खेप, उद्या पुलापुढे.

६ ऑगस्ट, हॉस्पिटल.
अक्षर वाकडं, हाताला सुई आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, शून्यानंतर नुसता गॅस येतो. तपकिरी शेवटचा कधी घेतला, विचारलं. जूनमध्ये, म्हटलं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. दादा मात्र बोलला.
"मला सांगायचंस ना, गाढवा."

९ ऑगस्ट.
सायकल निम्म्या भावात गेली. अर्ज ड्रॉवरमध्ये सापडला, अर्धाच.
केमिस्टकडे दादा बरोबर आला. माझी आता दोनाची तीन औषधं झालीत, वर दादाच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. मी तोंड उघडायच्या आत केमिस्ट म्हणाला, "तिन्ही."
दादाने पाकीट उघडलं. बघत राहिला. मग आपल्या गोळ्या काउंटरवरून परत सरकवल्या.
"माझ्या आहेत घरी."
दादाचं बरं असतं, आधीच आणून ठेवतो.
दादाच्या घरी आल्यावर त्याची गोळ्यांची डबी हलवून पाहिली. काहीच वाजलं नाही.